नाकवाली

ताप उतरला तशी नवव्या दिवशी ती उठली, तोंडावर पाणी मारलं आणि केस न विंचरताच मागच्या पडवीत गेली. नऊ दिवस घर नवऱ्याने कसंबसं ओढलं होतं. भांडी घासली, आईचं उठवणं-बसवणं केलं, चहा म्हणून काहीतरी गरम पाणी सगळ्यांना पाजलं. पण निळीच्या रांजणाला हात लावायची त्याची छाती झाली नव्हती. सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळून झाकण लावायचं, एवढंच तिने अंथरुणातून बजावलं होतं आणि तेवढंच त्याने केलं होतं.

रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला होता. तिने वरची गोणपाटं बाजूला केली, लाकडी झाकण उचललं, गुडघे टेकून तोंड आत घातलं आणि लांब श्वास ओढला.

काहीच आलं नाही.

रांजण मेला असं तिला वाटलं. पण वर फेस होता, फेसावर तांब्याची झाक होती आणि काठीने साय सारल्यावर खालचं पाणी हिरवट-पिवळं दिसलं. रांजण चांगला जिवंत होता. तिने बाजूच्या कोंड्याच्या पोत्यात तोंड घातलं. मग दोरीवरचा नवऱ्याचा घामट सदरा नाकाला लावला. शेवटी घासलेटाच्या बाटलीचं बूच काढून नाकाशी धरलं. डोळ्यांत पाणी आलं, वास आला नाही.

पुडी पाण्यात कालवली की रंग तयार, असं समजणाऱ्यांना यात रडण्यासारखं काय ते कळायचं नाही. निळीचा रांजण आंबवावा लागतो, त्याला कोंडा खाऊ घालावा लागतो, फार आंबला तर चुन्याने थोपवावा लागतो, थंडीत पांघरूण घालावं लागतं. आणि आज त्याला काय हवंय हे फक्त वासावरून कळतं. डोळ्यांना दिसेपर्यंत दोन दिवस उशीर झालेला असतो. हा रांजण सासूने लग्नात माहेरून विरजण आणावं तसा मडकंभर आणून लावला होता. पंचेचाळीस वर्षं तो एकदाही रिकामा झाला नव्हता. आसपासच्या घरांतले रांजण डब्यातला रंग आल्यावर एकेक करून बंद पडले, कुणी त्यांत कोंबड्या ठेवल्या, पण म्हातारीने आपला सोडला नाही.

आणि सुनेला तर या घरात आणलीच होती नाकासाठी. मुलगी बघायला गेलेली माणसं स्वयंपाक येतो का विचारतात, शिवण येतं का विचारतात. म्हातारीने पिशवीतून तीन झाकलेल्या वाट्या काढून मुलीपुढे ठेवल्या आणि म्हणाली, "वास घे आणि सांग." मुलीचे वडील नाक धरून अंगणात गेले. मुलीने मात्र एकेक वाटी हुंगली. ही मळून ठेवलेल्या पिठासारखी, ही तळ्याच्या काठासारखी, आणि ही नव्या चुना लावलेल्या भिंतीसारखी, असं तिने सांगितलं. म्हातारी उठली आणि म्हणाली, "झालं, मुलगी पसंत." मुलाला कुणी विचारलंच नाही. तो बिचारा तोवर मुलीच्या पैंजणांकडे बघत होता.

तेव्हापासून अख्खी वस्ती तिला नाकवाली म्हणायची. कुणाचं दूध उतू गेलं, कुणाच्या माळ्यावर उंदीर मेला, ते तिला रस्त्यातून जाताना कळे. नवऱ्याने दोनदा विडी सुरू करून पाहिली आणि दोन्ही वेळा पहिल्याच दिवशी पकडला गेला. सासूने लग्नानंतर वर्षभरात रांजण तिच्या हवाली केला आणि पुन्हा त्यात लक्ष घातलं नाही. घरात तिचा शब्द चालायचा तो त्या रांजणामुळे, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आता नाकच गेलं तर आपण कोण, हा विचार तिच्या मनात आला आणि तिने बाटलीचं बूच घट्ट लावून टाकलं.

नवऱ्याला सांगावं तर तो आधीच हातमाग ठेवावा की सोडावा या विचारात. त्याचा भाऊ शहरातल्या मिलमध्ये होता आणि जागा धरून ठेवतो म्हणून निरोपांवर निरोप पाठवत होता. अशात डिझायनरबाईची ऑर्डर आली होती. चाळीस तागे, हातसुताचे, घरच्या निळीत रंगवलेले, कुठलंही रसायन न लावता. शहरातल्या मोठ्या प्रदर्शनात त्यांचे कपडे होणार होते. "ही ऑर्डर नीट गेली तर माग राहील," नवरा म्हणाला होता, "नाही गेली तर मोडून चुलीत घालतो, आणि तू रांजणात कोंबड्या ठेव." तो हे हसत म्हणाला होता, पण रात्रंदिवस धोटा फेकून त्याचे खांदे सुजले होते आणि विणलेल्या पांढऱ्या ताग्यांची चळत छपराला टेकत आली होती.

तिने पळीभर नीळ काढली, पदराआड धरली आणि सासूच्या खोलीत गेली.

म्हातारी दोन वर्षांपूर्वी पडून खुब्यात मोडली होती, तेव्हापासून खाटेवरच. खोलीला एक खिडकी, तीही वारा लागतो म्हणून बंद. अंगावर बारा महिने दोन गोधड्या.

"आई, जरा बघता का? तापामुळे माझं नाक चोंदलंय," ती म्हणाली.

म्हातारीने तिच्याकडे बघितलं, मग पळीकडे. किती वर्षांत सुनेने तिला रांजणाबद्दल काही विचारलं नव्हतं. ती कोपरावर उठायची धडपड करू लागली. सुनेने पाठीला उशी दिली. म्हातारीने पळी दोन्ही हातांनी धरली, डोळे मिटले, नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच राहिली.

"आंबट चढलीय," ती म्हणाली. "या दिवसांत चढतेच. ओंजळभर चुना घाल. कोंडा नको आज."

"बरं," सून म्हणाली. तिला इतकं हलकं वाटलं की ती सासूच्या पायांवरची गोधडी उगीचच नीट करत बसली.

नाक दोन-चार दिवसांत येईल असा तिचा हिशेब होता. आठवडा झाला, पंधरवडा झाला, नाक आलं नाही. जेवणाला चव नव्हती, नुसतं तोंडात काहीतरी गरम आणि मऊ. ती रोज सकाळी पळी घेऊन जायची आणि नवं कारण सांगायची. सर्दी आहे. तुमच्याइतकी समज मला कुठे. एकदा दुहेरी खात्री बरी, मोठी ऑर्डर आहे. म्हातारी एकाही कारणाला हरकत घ्यायची नाही.

उलट ती बदलली. आधी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची, आता सकाळी सुनेच्या पावलांचा आवाज आला की स्वतःच उशी ओढून घ्यायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आधी केस विंचर माझे." पाचव्या दिवशी धुतलेलं लुगडं मागितलं. मागावरून आत डोकावत नवरा म्हणाला, "काय आई, कुणी बघायला येतंय की काय तुला?"

"तू तुझा धोटा फेक," म्हातारी म्हणाली. "आम्ही कामात आहोत."

सूनसुद्धा हसली. या घरात येऊन अठरा वर्षं झाली होती, पण सासूजवळ अशी रोज निवांत बसायची वेळ कधी आली नव्हती. पळी बाजूला ठेवल्यावर म्हातारी थोडं बोलायची. माहेराहून मडकं आणताना बैलगाडीत ते मांडीवर धरून बसली होती आणि उतरली तेव्हा नव्या लुगड्याची मांडी निळी झाली होती, तशीच ती नवऱ्याच्या घरात शिरली, हे तिने दोनदा सांगितलं. सुनेने दोन्ही वेळा पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

म्हातारी रोज सांगायची तेच: आंबट आहे, चुना घाल. आणि ती घालायची. बाहेर मात्र ते दिवस नेहमीसारखे नव्हते. उन्हाळा सुरू व्हायला हवा होता, तर आभाळ तीन आठवडे भरून राहिलेलं, पाऊस नाही, ऊन नाही, अंगावर शहारा येईल असा वारा. अशा गारठ्यात रांजण आंबत नाही, सुस्त पडतो. हे तिलाही ठाऊक होतं. एकदा पाण्यात बोट घालून चोळलं तर बुळबुळीत लागलं, चुना जास्त झाल्यावर लागतं तसं. ती तशीच पळी घेऊन सासूकडे गेली.

"आई, बुळबुळीत लागतंय."

म्हातारीने हुंगलं. पुन्हा एकदा हुंगलं. मग म्हणाली, "बोटाला काय कळतंय? नाक काय सांगतंय ते बघायचं. घाल."

तिने घातला.

बारा तागे सुरेख निघाले होते. रांजणातून वर येताना हिरवे, वाऱ्याला लागले की बघता बघता निळे. तेराव्याला रंग धरायला वेळ लागला. तिने तो चारदा बुडवला. चौदावा बाहेर काढला, झटकला, दोरीवर टाकला आणि वाट बघत उभी राहिली. तो आधीपासूनच मळकट निळा होता आणि तसाच राहिला. पिळल्यावर सगळा रंग पाण्याबरोबर तिच्या पायांवर आला आणि हातात भांडी पुसायच्या फडक्यासारखा राखाडी कपडा उरला.

रांजणात फेस नव्हता. साय फाटली होती. पाणी खालपर्यंत नुसतं निळं, ढिम्म.

ती ओल्या हातांनीच सासूच्या खोलीत गेली. म्हातारी विंचरायला फणी घेऊन तयार बसली होती.

"आई, रांजण बसला."

"बसायला काय झालं? पळी आण."

"पळी नको. चुना जास्त झालाय. तुम्हाला रोज आंबट कसा आला?" तिचा आवाज चढला. "रोज आंबट? एक दिवससुद्धा चुन्याचा वास नाही आला तुम्हाला?"

"तुझं नाक काय गहाण पडलं होतं? तूच हुंगून बघायचंस!"

"मला येत नाही!" ती ओरडली. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. "तापात गेलं ते आलंच नाही. कसलाच वास येत नाही मला, आई. महिना झाला. म्हणून तर तुमच्याकडे येत होते."

म्हातारीने फणी गोधडीवर ठेवली. ती सुनेच्या निळ्या हातांकडे बघू लागली.

"मला वाटलं, मान देतेस," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मलाही येत नाही गं. तुला आणली त्याच्या आधीपासून. हळूहळू गेलं. ते गेलं म्हणून तर नाकाची सून शोधत फिरले. वाट्या घरून ठरवून आणल्या होत्या, कुठलीत काय ते मला माहीत होतं." तिने नाक पुसलं. "ह्यांनाही सांगितलं नव्हतं. ते गेले तरी कळलं नाही त्यांना."

"मग मला तरी सांगायचं! पहिल्या दिवशी सांगायचं!"

"तू पळी घेऊन आलीस," म्हातारी म्हणाली. "अठरा वर्षांत पहिल्यांदा आलीस. उन्हाळ्याचे दिवस आहेत, आंबत असेल, असं इथे पडल्या पडल्या धरून सांगत गेले. तुझं तुला कळतच असेल, मी चुकले तरी तू घालणार नाहीस, असं वाटलं मला."

सून जमिनीवर बसली. तिला म्हातारीचा संताप आला, स्वतःचा त्याहून आला, आणि नंतर इतकं रडू आलं की तिने पदर तोंडात कोंबला. पंचेचाळीस वर्षांचा जिवंत रांजण दोघींनी मिळून, एकमेकींवर भरवसा टाकून मारला होता.

नवऱ्याला सांगावंच लागलं. तो चिडेल, माग मोडेल, असं तिला वाटलं होतं. त्याने दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि बाही सरसावून म्हणाला, "मग माझं नाक आहे की. मी हुंगतो. तुम्ही सांगा काय करायचं ते."

पुढचे आठ दिवस त्या घरात माग बंद होता. त्यांनी कोंड्याची ऊन पेज करून घातली, भोवती गरम विटा लावल्या, घरातली सगळी पांघरुणं रांजणावर टाकली. म्हातारीने आपल्या दोनांतली एक गोधडी दिली. आणि तासातासाने नवरा गुडघे टेकून रांजणात तोंड घालायचा.

"काय येतं?" ती विचारायची.

"घाण येते."

"कसली घाण?"

"घाण म्हणजे घाण! घाणीत काय प्रकार असतात?"

"असतात. पिठासारखी आंबट? तळ्यासारखी? ओल्या भिंतीसारखी?"

तो पुन्हा तोंड घालायचा, कपाळाला आठ्या पाडायचा, प्रामाणिकपणे प्रयत्न करायचा. "पिठासारखी... नाही. थोडी भिंतीसारखी. नाही गं, मला नाही सांगता येत." सुताचा एक धागा कमी असला तर डोळे मिटून बोटांनी ओळखणारा माणूस, वासापुढे अगदी मुका झाला होता. आतून म्हातारी ओरडायची, "त्याला विचार, घशाला लागतो की नाकाला!" "दोन्हीकडे लागतो!" तो ओरडायचा. एरवी या गोष्टीवर तिघं पोट धरून हसली असती.

आठव्या दिवशी सकाळी त्याने झाकण उचललं आणि तसाच मागे झाला. कोपऱ्यात जाऊन ओकला. तोंड पुसत आला तेव्हा त्याला शब्द सापडला होता.

"मेलेल्या उंदरासारखा," तो म्हणाला.

तिने मान हलवली. आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

डिझायनरबाई ठरल्या दिवशी आली. साधी, बोलायला गोड बाई, अंगावर सुती कपडे, पायांत चपला. उरलेले सगळे तागे पांढरे बघून ती आधी थबकली. नवऱ्याने हात जोडून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. सून दाराशी उभी होती. बाईने एक पांढरा तागा उलगडला, उजेडात धरला, गालाला लावला.

"पण हे तर असंच किती सुंदर आहे," ती म्हणाली. "दादा, रंग हवाच कशाला? कपाशीचा आपला रंग आहे ना. यंदा सगळं असंच करू, बिनरंगाचं. पाणी वाचेल, वेळ वाचेल. मला हे सगळे पांढरे द्या, आणि पुढच्या हंगामाला याच्या दुप्पट."

"आणि निळे?" सुनेने विचारलं. "बारा चांगले निघालेत."

"बारांनी काय होणार, ताई? यात मिसळले तर मेळ नाही बसायचा. तुमच्याकडेच राहू देत." मग तिचं लक्ष सुनेच्या हातांवर गेलं. कोपरापर्यंत मुरलेला रंग, नखांत निळी रेघ. "अय्या, हे हात! एक फोटो घेऊ? चिठ्ठ्यांवर छापू, प्रत्येक कपड्याला लावायच्या असतात ना, त्या."

सुनेने हात पुढे केले. वळवा म्हटलं तसे वळवले.

जाताना बाई म्हातारीला भेटायला आत गेली. तसा तिचा स्वभाव चांगला होता. पण उंबऱ्यातच तिने गळ्यातली ओढणी नाकाशी धरली, हसली, लांबूनच "बऱ्या आहात ना आजी?" विचारलं आणि अंगणात परत आली. हे सुनेने बघितलं. म्हातारीनेही बघितलं.

नवरा तागे गाडीत चढवून आला तेव्हा त्याचं तोंड उजळलं होतं. "सुटलीस तू," तो बायकोला म्हणाला. "त्या घाणीत हात घालायचं सुटलं. माग राहिला, बघ!" माग राहिला होता, हे खरंच होतं. तिला त्याच्यासाठी बरं वाटलं आणि त्याच वेळी असं वाटलं की आपल्याला कुणीतरी हळूच उचलून घराबाहेर ठेवलंय. निळीसाठी दोन बायकांचा जन्म गेला होता, आणि नीळ नसली तरी कुणाचं काही अडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने रांजण उपसला. बादल्या भरायच्या आणि लांब खड्ड्यात ओतायच्या. सकाळपासून दुपार झाली. तळाचा गाळ खरवडायला ती आत उतरली, तळाशी बसली, आणि कुणाला दिसत नव्हती तेव्हा मोकळेपणी रडली.

वर येऊन अंग धुतलं, सासूला अंघोळ घालायला पाणी तापवलं. म्हातारी कालपासून बोलली नव्हती. केस विंचरून घ्यायला तयार नव्हती. सुनेने तिचं अंग पुसलं, पाठीवरच्या जखमेला औषध लावलं, अंथरूण बदललं, लुगडं नेसवलं. उठणार तेवढ्यात म्हातारीने तिचं मनगट धरलं.

"एक विचारते. खरं सांगशील?"

"विचारा."

"माझा वास येतो का गं?"

सुनेने मोकळ्या हाताने उशी सारखी केली.

"मला नाही कळत," म्हातारी म्हणाली. "दोन वर्षं इथे पडून आहे. सगळं इथेच. कुणी आलं की त्याच्या तोंडाकडे बघते. तू कधी नाक मुरडलं नाहीस, म्हणून मला वाटायचं, एवढं नाकाचं माणूस जवळ बसतं, म्हणजे नसेल येत. पण महिनाभर तर तुलाही..." तिने दाराकडे बघितलं. "काल ती बाई दारातूनच गेली."

"तिला सर्दी होती."

"बघ ना. एकदा बघ तरी."

सून खाटेच्या कडेला बसली, वाकली, आणि म्हातारीच्या मानेशी, कानामागे, जिथे विरळ पांढरे केस ओले होते, तिथे नाक टेकवलं. डोळे मिटले. रांजणावर ओढायची तसा लांब श्वास ओढला. एकदा, मग पुन्हा एकदा. फक्त ऊन कातडं लागलं, आणि खालची शीर उडताना लागली.

"काय येतं?" म्हातारीने विचारलं.

"सुताचा येतो, आई," ती म्हणाली. "नव्या, धुतलेल्या सुताचा."

म्हातारीने तिचं मनगट सोडलं नाही. "अजून?"

"अजून काही नाही."

"नीट बघ."

आणि तिने पुन्हा वाकून नीट बघितलं.